उसन्या पाण्यावर लातूर

नांदेडहून लातूरला आम्ही निघालो ते जीप ढकलत. माझा धाकटा दीर प्रकाश स्टिअरिंगवर बसला होता, आणि मी इंटरव्ह्यूची साडी खोचून, शेजारच्या दोघांबरोबर, मागून रेटत होते. आधी जीप जागची हलेना. सगळा जीव हातांत आणला तेव्हा कुठं चाकं फिरली. मग ती धावायला लागली, तिच्यामागं आम्हीही धावायला लागलो, पण आता आमचे हात तिला नुसते टेकत होते आणि सगळी ताकद धावण्यातच जात होती. मी तेव्हा मुदखेडला पदार्थविज्ञान शिकवायचे. त्यामुळं असल्या गोष्टी नको त्या वेळी माझ्या नजरेत भरतात.

एसटीनं गेले असते तर बरं, असं मी आदल्या दिवसापासून म्हणत होते. पण वहिनी इंटरव्ह्यूला धूळ खात जाणार का, असं म्हणून प्रकाशनं मित्राची जीप मागून आणली. जीपला दारं नव्हती आणि ताडपत्रीला भोकं होती, तेव्हा धुळीचा प्रश्न कसा सुटणार होता ते त्यालाच ठाऊक. गाडी चालवायला तो नुकताच शिकला होता. हे मी मुद्दाम शेवटी सांगते, कारण निघताना मीही ते स्वतःला शेवटीच सांगितलं.

जाणं मात्र भागच होतं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि नव्या कचेरीत माणसं हवीत म्हणून आमच्या मिस्टरांची बदली तिकडं झाली होती. नांदेडला मी, माझी आई आणि आमची सहा वर्षांची मुलगी. मिस्टर महिन्यातून एकदा येत. मागच्या खेपेला मुलीनं त्यांना पाटावर बसवून, डोक्यावर पदर घेतल्यासारखं करून, "पाव्हणं, चहा घेणार का?" असं विचारलं. सगळे हसले. मिस्टर हसले नाहीत. लातूरच्या नव्या कॉलेजात पदार्थविज्ञानाची एकच जागा निघाली होती आणि मुलाखत दुपारी दोनला होती. ती जागा मिळाली तर आमचं घर एका गावात येणार होतं. नाहीतर पाहुणचार चालूच राहणार होता.

जीपमध्ये मागं पाण्याचे दोन कॅन ठेवले होते, आणि आमच्यासाठी एक फिरकीचा तांब्या. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. वाटेत पाणी मिळेल याचा भरवसा कुणालाच नव्हता. आम्हाला तर पाणी मागायचाच धाक. आमची घरं छप्पन साली बौद्ध झाली, तेव्हा मी पाळण्यात होते. तेव्हापासून पुष्कळ बदललं, नाही असं नाही. पण रस्त्यावर पाणी मागितलं की माणसं आधी गाव विचारतात, मग आडनाव विचारतात, आणि मग कधी कधी पाणी संपलेलं असतं. म्हणून आमच्या घरातलं कुणीही प्रवासाला निघालं की पाणी घरचंच घेतं.

विष्णुपुरीच्या अंगाला गोदावरी दिसली. पात्रात वाळू जास्त, डबकी कमी. डबक्यांच्या कडेनं म्हशी उभ्या होत्या, बसायला पुरेल एवढं पाणी नव्हतं म्हणून. लोह्याला स्टँडसमोर चहा घेतला. हॉटेलवाल्यानं चहाआधी पाण्याचा ग्लास ठेवला नाही, आणि कुणी मागितलाही नाही. चहा मात्र चांगला दाट होता. पाणी घालायची चैन कुणाला परवडत होती?

लोह्याच्या पुढं आमच्यापुढं एक पाण्याचा टँकर लागला. त्याच्या तोटीतून पाणी ठिबकत होतं आणि डांबरावर ओली रेघ उमटत होती. रस्ता एकेरी. समोरून कुणी आलं की दोघांनीही एकेक चाक मुरमाच्या साइडपट्टीवर उतरवायचं. टँकरमागं धूर खात थोडा वेळ गेल्यावर प्रकाश म्हणाला, "साइड मारतो याला." मी नको म्हणेपर्यंत त्यानं जीप उजवीकडं काढली होती.

इथं मला पहिल्यांदा घाम फुटला. नांदेडातून निघताना हीच जीप चौकातून चाळिसापर्यंत कशी उड्या मारत गेली होती. आता काटा पन्नासच्या पुढं सरकेना. प्रकाशनं अ‍ॅक्सिलरेटर पार फळीला टेकवला. इंजिन घुमत होतं, ताडपत्री फडफडत होती, आणि आम्ही टँकरच्या मधोमध, त्याच्या चाकाला चाक लावून, जसेच्या तसे. समोर वळणावर एसटी दिसली.

"खालचा गिअर टाक," मी ओरडले.

"न्हाई वहिनी, लई पानी पिते."

टँकरवाल्यानं ब्रेक मारला. देव मानत असते तर त्याचं नाव घेतलं असतं, इतका देवमाणूस तो. आम्ही त्याच्या पुढं घुसलो, एसटी आमच्या अंगावरून वारं सोडून गेली, आणि आतल्या कुणीतरी आमचा उद्धार केला तो स्पष्ट ऐकू आला. मुलीला आई दोन्ही गावांत उरली नसती, हा विचार पुढं कितीतरी वेळ मी पुन्हा पुन्हा करत होते.

प्रकाशही घाबरला होता, पण घाबरल्याचा राग त्याला जीपवर आला. शून्यावरून चाळिसाला झटक्यात जाते आणि पन्नासावरून साठाला जायला हिला काय होतं, असं तो तिलाच विचारत होता. तिच्या वतीनं मी उत्तर दिलं. इंजिनाची एका सेकंदात काम करायची ताकद ठरलेली असते. गाडी हळू असते तेव्हा त्या ताकदीतून चाकांना मोठा रेटा मिळतो. वेग दुप्पट झाला की त्याच सेकंदात दुप्पट रस्ता कापायचा असतो, म्हणून रेटा निम्मा उरतो. त्यातून गाडी टॉप गिअरमध्ये असली की इंजिन सावकाश फिरतं आणि आपली पूर्ण ताकदही देत नाही. खालचा गिअर टाकला तर ते जोरात फिरतं आणि रेटा वाढतो. म्हणून साइड मारायची तर गिअर उतरवून मारायची.

हे त्याला पटलं, पण त्याचा उस्ताद आडवा आला. नांदेडच्या ज्या ड्रायव्हरकडं तो गाडी शिकला, त्यानं दुष्काळात एक नियम घालून दिला होता. खालच्या गिअरमध्ये इंजिन तापतं, तापलं की पाणी पितं, आणि पाणी आणायचं कुठून? म्हणून एकदा टॉप टाकला की मुक्कामापर्यंत काढायचा नाही. त्या वर्षी नांदेडचे सगळे ड्रायव्हर असेच चालवायचे म्हणे. पेट्रोलपेक्षा पाण्याचा जीव जपायचा. मी म्हणाले, चढाला टॉपमध्ये कण्हत गेली तर ती जास्त तापेल. प्रकाश म्हणाला, उस्तादाची तीस वर्षं गाडीवर गेली आहेत. मी गप्प बसले. मला भीती वाटत असली की मी वाद घालत नाही, हा माझा वाईट गुण आहे.

माळाकोळीच्या पुढं बालाघाटाचे चढउतार लागतात. उघडे डोंगर, वर वाळलेलं कुसळ, आणि मधूनच पळसाची लालभडक फुलं, त्यांना दुष्काळाचं कुणी कळवलंच नसल्यासारखी. पाहायला सुंदर होतं, पण माझी नजर तापमानाच्या काट्यावर. जीप प्रत्येक चढ टॉपमध्ये हुंदके देत चढत होती. तिसऱ्या का चौथ्या चढाला बॉनेटमधून वाफ आली. थांबलो, वाट पाहिली, एक कॅन ओतला. थोडं पुढं गेल्यावर दुसरा ओतला. त्यानंतर आमच्या तांब्यातलं पाणी ओतलं. अहमदपूर अजून लांब होतं तेव्हा जीप पुन्हा उकळली, आणि या खेपेला ओतायला काही नव्हतं.

रस्त्यापासून थोडं आत एक वस्ती दिसत होती. तीन घरं, एक कडुनिंब. जावं लागणार हे दोघांनाही कळलं होतं, पण दोघंही बॉनेटकडंच पाहत राहिलो. शेवटी कॅन मी उचलला. बाईमाणसाला पाणी नाही म्हणायला जड जातं, असा माझा हिशोब होता.

पहिल्याच घराच्या अंगणात माझ्याच वयाची एक बाई तुरीच्या काड्या बांधत होती. ओसरीत बाजेवर तिची सासू बसली होती. दाराशी दगडी डोणी होती (जनावरांना पाणी पाजायची कुंडी), तळाशी हिरवट पाणी असलेली. बाईचं नाव शेवंताबाई, हे मला तिच्या सासूच्या हाकेवरून कळलं. मी जीपचं सांगितलं, मुलाखतीचं सांगितलं, मिस्टरांचं सांगितलं. घाबरले की मी एकतर गप्प बसते नाहीतर फार बोलते. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, टँकर चौथ्या दिवशी येतो, मानसाला पुरत न्हाई, अन् मोटारीला कुटून आनू? मी पर्स उघडली. तिनं हातानंच ती बंद करायला सांगितली.

"पैशे ठेवा. पैसा पेता येतो का? उसनं नेत असाल तर देते. पान्याला पानी. सांजच्याला परत पायजे."

पाणी उसनं देतात हे मी आमच्या गावाकडंही पाहिलं होतं. पीठ, मीठ उसनं आणावं तसं त्या वर्षी पाणी आणायचे, आणि फेड पाण्यानंच करायची. मी लगेच हो म्हणाले. तेवढ्यात सासूनं बाजेवरून विचारलं, "गाव कंचं तुमचं?" मी मुदखेडकडचं गाव सांगितलं. "आडनाव?"

माझ्या मागून प्रकाश कधी आला होता ते मला कळलं नव्हतं. तो म्हणाला, "आम्ही बौद्ध आहोत, आजी."

सासूनं खाकरल्यासारखं केलं. शेवंताबाई हातातल्या काड्या खाली ठेवून आत गेली. दारातून मला दिसत होतं: आत पिण्याचा रांजण होता, त्यावर लाकडी झाकण. तिनं त्यातून एक कळशी भरली, बाहेर येऊन मला कॅन खाली ठेवायला सांगितला, आणि वरून, उंचावरून, बारीक धारेनं पाणी ओतलं. एक थेंब बाहेर गेला नाही. ते उंचावरून आमच्यासाठी होतं की थेंब वाया जाऊ नये म्हणून होतं, हे मला ठरवता आलं नाही. अहमदपूर येईपर्यंत मी तेच ठरवत होते.

पुढचा रस्ता प्रकाशनं चढाला गिअर उतरवून काढला. उस्तादाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. शिरूर ताजबंद गेलं, चाकूर गेलं. जीप तापली, पण उकळली नाही. लातूरला कॉलेजात पोचले तेव्हा माझं नाव पुकारून झालं होतं. शिपायानं शेवटी बसवतो म्हणून सांगितलं आणि माझ्या धुळीनं भरलेल्या साडीकडं पाहून बसायला स्टूल दिलं, खुर्ची नाही.

मुलाखत घेणारे चार जण होते. त्यांनी खडू हातात दिला आणि कुठलाही एक विषय थोडक्यात शिकवायला सांगितला. मी प्रकाशाचं अपवर्तन तयार करून गेले होते. फळ्यासमोर उभी राहिले आणि डोळ्यांपुढं तो टँकर आला. मी बंद पडलेल्या जीपचं चित्र काढलं. ती ढकलताना सुरुवातीला रेटा किती देता येतो आणि ती पळायला लागल्यावर हात नुसते का टेकतात, तिथून सुरुवात केली. मग इंजिनाचा रेटा वेगाबरोबर उतरत जाणारी एक रेघ काढली, आणि वाऱ्याच्या अडथळ्याची चढत जाणारी दुसरी. वेग दुप्पट झाला की वारा चौपट आडवा येतो. या दोन रेघांमध्ये जेवढी जागा उरते, तेवढाच रेटा वेग वाढवायला उरतो. हळू असताना ती जागा मोठी असते, म्हणून गाडी उसळते. पुढं ती अरुंद होत जाते. जिथं रेघा एकमेकींना मिळतात, तिथं काहीच उरत नाही.

एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे तिथं गाडी थांबते?"

मी म्हणाले, "नाही सर. वेग वाढायचा थांबतो. गाडी चालूच राहते."

त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. (ती जागा मला मिळाली, हे इथंच सांगून टाकते. वाचकाला उगाच टांगून ठेवण्यात अर्थ नाही. त्या दिवशी मात्र ते फक्त कळवू म्हणाले.)

मिस्टरांच्या खोलीवर गेलो. अंगणातल्या नळाला चार दिवसांनी पाणी यायचं आणि त्यांच्याकडं एक हंडा शिल्लक होता. मी येणार म्हणून तो त्यांनी राखून ठेवला होता, मला अंघोळ करता यावी म्हणून. मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी काही न विचारता आपली पितळी कळशी बाहेर काढली, राखेनं घासली, मग पुन्हा घासली, आणि उन्हात धरून आतून पाहिली. मी म्हणाले, पुरे, चकाकतेय. ते म्हणाले, "नाव ठेवायला जागा नको." फडक्यातून पाणी गाळून त्यांनी ती भरली, तोंडाला स्वच्छ पंचा बांधला, आणि अंघोळीला हंड्यात तळाशी उरलं तेवढं माझ्या पुढं केलं. मला रडू आलं ते मी त्या पाण्यानं तोंड धुताना लपवलं.

परतीच्या वाटेवर कळशी माझ्या दोन पायांच्या मध्ये होती. प्रकाश इतक्या जपून चालवत होता की कुठं वेग वाढला आणि कुठं कमी झाला, हे कळू नये. पाण्याला मात्र सगळं कळत होतं. जरा पाय जड पडला की ते मागं येई, ब्रेक लागला की पुढं जाई, आणि पंचा ओला होई. मी दोन्ही हातांनी कळशीचा गळा धरून बसले. चाकूरच्या पुढं प्रकाशनं विचारलं, "वहिनी, त्यांनी नाही घेतलं तर?" सकाळपासून मला हेच वाटत होतं. पाणी देणं वेगळं आणि घेणं वेगळं. देताना माणूस वरून ओततो. नाही घेतलं तर ही कळशी रस्त्यावर रिकामी करून मी नांदेडला जाणार होते, आणि मिस्टरांना काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं. मी प्रकाशला पुढं बघून चालव म्हणाले.

वस्तीवर पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. शेवंताबाई गुरं बांधत होती. सासू त्याच बाजेवर बसली होती. मी कळशी उचलून अंगणात आले आणि पंचा सोडला. थोडं पाणी सांडलं होतं, ते मी आधीच सांगितलं. सासूनं डोणीकडं बोट केलं. "तितं वता."

आवाजात राग नव्हता. रीत सांगावी तसं सांगितलं. मी डोणीकडं वळले. खरं सांगते, मला वाईट वाटलं तसं हायसंही वाटलं, कारण पाणी निदान रस्त्यावर जाणार नव्हतं. एवढ्याशावर हायसं वाटावं, याचा मग मला राग आला.

शेवंताबाई हात पुसत पुढं आली आणि तिनं माझ्या हातातून कळशी घेतली. तिची बोटं माझ्या बोटांना लागली.

"उसनं जितलं असतं तितंच भरावं लागतंय, आत्याबाई," ती म्हणाली. "म्या रांजनातलं दिलतं."

ती आत गेली. झाकण काढल्याचा आवाज आला, मग रांजणात पाणी पडल्याचा. बाहेर आली ती रिकामी कळशी घेऊन. नोकरी लागली का, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, कळवतो म्हणालेत. लागंल, ती म्हणाली, अन् लागली की या वाटेनंच जाल, तवा थांबा. सासूनं पदर सावरला आणि गुरांकडं तोंड केलं. आम्ही निघालो. या खेपेला जीप ढकलावी लागली नाही.

नांदेडला पोचलो तेव्हा मुलगी झोपली होती आणि आई जेवणाचं झाकून बसली होती. मुलाखत कशी झाली, असं तिनं विचारलं. मी आधी पाण्याचंच सांगितलं. आई आमच्या गावात लहानाची मोठी झाली. विहिरीच्या काठावर रिकामी घागर घेऊन कुणाच्या तरी हाताची वाट पाहत बसायचं, आणि वरून ओततील तेवढं घ्यायचं, हे तिनं केलेलं आहे. ती ताट वाढता वाढता थांबली.

"पिण्याच्या रांजणात?" तिनं विचारलं.

"हो."

"तू स्वतः बघितलंस?"

"आवाज ऐकला," मी म्हणाले.

आईनं हातातली पळी खाली ठेवली आणि तो आवाज कसा आला, ते मला पुन्हा सांगायला लावलं.